वाढत जाणारा चहाचा डाग

डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. एक लांबट खोली आहे. बाहेर सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातलं रणरणतं ऊन, आणि आत एसी असा, की हात बगलेत घालून उभं राहावं. समोरच्या भिंतीवर तुमच्याएवढ्या उंचीचं एक चित्र. चित्रात स्वयंपाकघर. टेबलाशी एक बाई बसली आहे. पुढ्यात उघडं पत्र आणि चहाचा कप. घरातलं माणूस गेल्याची बातमी त्या पत्रात आहे. आणि बाई रडत नाही. तिचा चेहरा दुपारच्या बंद दुकानासारखा आहे.

आता खरं सांगा, तुम्हांला तिचा राग येईल का?

"साठ वर्षांपूर्वी डब्लिनच्या लोकांना आला होता!" प्रतापकाका पाहुण्यांना रंगवून सांगत होते. ते या चित्रांच्या गॅलरीचे मॅनेजर. "नोरा केहिल या आयरिश चित्रकर्तीचं हे चित्र, 'बातमीनंतर'. रडत कशी नाही ही दगडी बाई, म्हणून एका गृहस्थाने हातातला चहाच फेकला हिच्यावर! आणि तो ऐतिहासिक डाग... हा बघा!"

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता. पाहुण्यांनी त्याच्याकडे बोट दाखवत फोटो काढले.

"पंधरावा फोटो!" अमेय कुजबुजला. "चित्र नाही बघत कोणी, डागच बघतात. बोअरिंग ला!" त्याने शेवटी सिंगापुरी 'ला' जोडला.

"मग तू बाईकडे बघ," आर्या म्हणाली.

"ती माझ्याकडे बघत नाही ना!"

चैत्राली वहीत काहीतरी काढत होती. हे तिघं यिशुन उपनगरात एकाच इमारतीत राहत. जूनची सुट्टी होती, आईबाबांना ऑफिस होतं, म्हणून आर्याची स्मितामावशी त्यांना रोज आपल्याबरोबर गॅलरीत आणत असे. मावशी दाराजवळच्या टेबलाशी बसायची. मुलांनी आलेले पाहुणे मोजायचे आणि दंगा करायचा नाही, एवढंच काम.

चैत्राली मात्र पाहुणे मोजून झाले, की त्या बाईसमोरच्या बाकावर जाऊन बसे. सहा आठवड्यांपूर्वी पुण्याला तिचे पद्माकर आजोबा गेले. तिची परीक्षा होती, म्हणून फक्त बाबा पुण्याला जाऊन आले. तेव्हापासून तिच्या आत काहीच हलत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं, की पाय आपला असून आपला वाटत नाही ना? तसंच. जेवण जेवण होतं, शाळा शाळा होती. "पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही," असं कुणीसं फोनवर म्हणालेलं तिने ऐकलं होतं. आजीचा फोन आला, की ती अंघोळीला गेलेली असे.

या बाईला तिच्याकडून काहीच नको होतं. म्हणून तिच्यासमोर बसणं बरं वाटे.

आजोबा नकाशे काढायचे. त्यांनी नातीला एक सवय लावली होती: "आधी दिसलेलं लिही. वाटलेलं मागाहून येतं." म्हणून चैत्राली वहीत रोज ते चित्र काढायची. टेबल, कप, बूट, डाग.

गुरुवारी तिने वहीची पानं मागेपुढे केली आणि थांबली.

"अमेय, डाग मंगळवारी टेबलाच्या पायापर्यंत होता. आज बाईच्या बुटापर्यंत आलाय."

"तू चुकीचं काढलं असशील."

"मी चुकीचं काढत नाही."

"साठ वर्षं जुना डाग वाढेल कसा?" आर्या म्हणाली. "चहा अजून सांडतोय की काय?"

हसता हसता तिघंही डागाकडे वळले.

चैत्राली शेजारच्या फलकापाशी गेली. हे चित्र कुठे कुठे लागलं आणि लोक काय म्हणाले, ते त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं. तो फलक कोणी वाचत नसे. तिने ओळींवर बोट फिरवत वाचला. १९५४, डब्लिन: वर्तमानपत्रांनी टिंगल केली, चहा फेकला गेला, चौथ्या दिवशी चित्र उतरवलं. मग सतरा वर्षं ते एका तळघरात. १९७१, लंडन...

"इकडे या!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दोघंही धावले. "'चहाचा डाग पूर्णपणे साफ करून चित्र पुन्हा मांडले.' डाग १९७१ सालीच गेलाय!"

"मग हा कुठला?" अमेयचे डोळे मोठे झाले.

तिघं काकांकडे पळाले.

"अरे, तो फलक मीच छापून घेतलाय!" काका हसले. "मला शिकवता?"

"पण तुम्ही वाचलाय का?" आर्याने विचारलं.

"आर्या!" मावशी ओरडली.

"हे बघा, शनिवारी उद्घाटनाला तो डाग मलाही दिसला नव्हता. सोमवारी नीट पाहिलं तेव्हा दिसला. कला बघायला नजर लागते! जा, पाहुणे मोजा."

तिघं बाकावर परत आले. "वहीवर कोण विश्वास ठेवणार?" आर्या पुटपुटली.

"वही कशाला?" अमेयने मावशीचा टॅब ओढला. "काका रोज गॅलरीच्या फेसबुक पानावर फोटो टाकतात. त्यांचेच फोटो!"

शनिवार: फुलांचा गुच्छ, काका, मागे चित्र. कोपरा स्वच्छ. रविवारी गॅलरी बंद. सोमवार: बोटाएवढा डाग. मंगळवार, बुधवार, आज! अमेयने पाचही फोटो ओळीने लावले. डाग पायरी पायरीने चढत होता.

"ईऽऽ!" आर्या किंचाळली. तिने चित्राशेजारच्या भिंतीला हात लावला होता. "भिंत ओली आहे!"

ती भिंत खरी नव्हतीच. फोटोत एसीचा पाइप दिसू नये म्हणून काकांनी पुढे प्लायवूडची भिंत उभारून घेतली होती. मागे तो पाइप दबून थेंब थेंब गळत होता, आणि ते मळकट पाणी प्लायवूडमधून चित्राच्या कापडात मुरत होतं.

चैत्राली परत काकांकडे गेली. तिने फक्त टॅब काकांपुढे धरला.

काकांनी एकेक फोटो पाहिला. स्वतःचाच हसरा चेहरा पाच वेळा. "अरे देवा! स्मिता, एसी बंद कर! चित्र दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लाव!"

अर्ध्या तासात त्या बाई आल्या. चित्र अलगद उतरवून त्यांनी पालथं केलं. मागचं कापड खाली ओलं होतं, आणि वर जुन्या प्रदर्शनांच्या कागदी चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. डब्लिनची पिवळी चिठ्ठी सुटत आली होती.

"हळूहळू वाळवलं तर डाग निघेल," त्या म्हणाल्या. "आणखी आठवडा गेला असता, तर रंगाचे पोपडे पडले असते. कोणाच्या लक्षात आलं हे?"

काकांनी चैत्रालीकडे बोट दाखवलं. "या तिघांच्या. मी फक्त पाहुण्यांना डाग दाखवत होतो." मग खाली वाकून म्हणाले, "बेटा, माझं चुकलं. फलकावर सिंगापूरची ओळ अजून लिहायची आहे. ती तू सांग, मी छापतो. आणि या वेळी वाचतो!"

"शाब्बास रे पोरांनो!" मावशीने तिघांच्या पाठीवर थाप मारली. "आज हॉकर सेंटरच्या खाऊच्या गाळ्यांवर जे मागाल ते!"

"प्रत्येकी दोन वाडगे आइस कचांग! बर्फ आणि पाक जास्त!" अमेय ओरडला.

चैत्रालीने वही उघडली आणि लिहिलं: '२०१४, सिंगापूर. चित्र ओलं झालं. समोर बसणाऱ्यांनी पाहिलं.' ओळ तिने काकांना दिली. आनंद झाला का, ते तिला कळलं नाही. पण बोटांच्या टोकांशी बारीकशा मुंग्या आल्यासारखं वाटलं.

बाकीचे बाहेर निघाले होते. टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलेलं चित्र आता पुन्हा सुलटं होतं. चैत्राली त्याच्याजवळ गेली, मावशीचा टॅब उघडला आणि पुण्याचा नंबर लावला.

"चैतू?" आजीचा चेहरा पडद्यावर आला. "अगं, तू?"

चैत्रालीने टॅब फिरवून चित्रातल्या बाईवर धरला.

"आजी," ती म्हणाली, "हिला बघ. हीसुद्धा रडलेली नाही."