चार बोटं कमी

मी ताराचंद. जात कोष्ट्याची, म्हणजे विणकराची, नोकरी विम्याच्या हापिसात आणि वेड जुन्या फौजी बंदुकांचं. बायको कुसुमावती म्हणते, तुमच्या डोक्यात दारू ठासली आहे, नुसती बत्ती द्यायची बाकी. म्हणू दे! अष्टमीच्या दुपारी नागपूरच्या जरीपटका भागातल्या एका भंगारवाल्याकडे कागदपत्रांसकट तोड्याची, बत्तीनं उडवायची बंदूक सापडली, तेव्हा मी दुकानातच नाचलो. माणसाएवढी लांब नळी, पोलादात लाटांची नक्षी, दस्त्यावर चांदीची फुलं. भोसल्यांच्या फौजेतली असणार! बाप्पा, अशी वस्तू लोक जन्मभर शोधतात.

घरी आणली आणि आधी नळीत गज घातला. आम्हा शौकिनांची ही पहिली रीत. गज नळीत जाईल तितका सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. बत्ती द्यायच्या भोकापर्यंत पोचला तर नळी रिकामी.

माझा गज चार बोटं कमी पडला.

"कुसुम! दोनशे वर्षांपासून भरलेली आहे वं!"

"मंग आनंद कायचा? आधी रिकामी करा तिले. पोरीचं साक्षगंध आहे घरात."

खरंच होतं. दसऱ्याला आमच्या ऋतुजाचा साखरपुडा. मी नळीत पाणी ओतलं आणि टोकाला फिरकी असलेल्या गजानं सगळं बाहेर काढलं. कुजलेल्या कापडाचा बोळा, शिशाची गोळी, चिखल झालेली दारू. गज पुन्हा घातला, तो नीट तळाला टेकला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी विणायच्या धोट्याची पूजा होते. माझे वडील नानाजी शेवटपर्यंत मागावर बसले, धोटा त्यांचाच. पाटावर धोटा आणि बंदूक दोन्ही मावेनात, म्हणून मी धोटा उचलून खिडकीत ठेवला.

"अवो, कोष्ट्याच्या घरी बंदूक काहून पुजता?" कुसुम म्हणाली.

"एवढी फौजी वस्तू घरी आली, तिले कुंकू नको लावू?"

पूजा झाल्यावर फोटो काढायला बंदूक उचलली, तर जड लागली. सहज गज घातला. चार बोटं कमी.

अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. कुणाच्या नशिबी येतं असं! फिरकी घातली. बोळा आला, गोळी मात्र हलेना. बोळा कोरडा, पिवळ्या रेशमाचा. कोष्ट्याची बोटं कापड विसरत नाहीत. काठात एक धागा दुहेरी होता. असा काठ नागपुरात एकटे नानाजी विणायचे, आणि त्यांच्या हातचं एकच लुगडं उरलं होतं. ऋतुजाला साक्षगंधात नेसायला जपून ठेवलेलं.

धावत जाऊन पेटी उघडली. सगळं लुगडं उलगडलं. कुठं एक धागा तुटलेला नव्हता.

"आत्ताच्या आत्ता अंबाझरी तलावात टाकून या," कुसुम म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उद्या पाहुण्यांले दाखवतो, मंग परत करतो. लुगडं तर धड आहे ना?"

बंदूक लोखंडी कपाटात कोंडली. किल्ली माझ्या खिशात.

दसऱ्याला सकाळी दहा वाजता कपाट उघडलं. नळी कोमट होती.

गज घातला. थेट तळाला गेला.

"कुसुम, काही आवाज आला का वं?"

"कायचा?"

गेली बला! मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच हसलो.

तेवढ्यात ऋतुजा आली. आजोबांचं पिवळं लुगडं, केसात गजरा, हसरी.

"बाबा, पाहा ना. इस्तरीनं जळलं वाटते."

डाव्या छातीवर चिंचोक्याएवढं भोक होतं. कडा काळ्या.

"तुले दुखलं का?"

"मले काय होते? पिन लावली की दिसत नाही. चला, पाहुणे गाडीतून उतरून राहिले."

मी तिचा हात धरला. मनगट चाचपलं.

मग स्वतःचं चाचपलं. माझी नाडी धडधडत होती.

पुन्हा तिचं धरलं. वर, खाली, अंगठ्याजवळ.

काहीच नव्हतं.

"सोडा ना बाबा," ती हसून म्हणाली, आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेली.