केक कापायची कुऱ्हाड

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर इथंच थांबा. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

अँटिग्वा बेट. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, शनिवार. आणि रात्र नव्हती... दुपारचे चार. लख्ख ऊन.

माझी मावशी आयन्थी एका जुन्या साखरमळ्यावर एकोणीस वर्षं गाईड होती. पवनचक्कीचा दगडी बुरूज, त्यात ऊस गाळायचा लोखंडी चरक, शेजारी रस आटवायच्या काहिली. आमचे पूर्वज तिथं गुलाम म्हणून राबले आणि मेले.

आता तिथं लग्नं लागतात.

हो, लग्नं! त्याच काहिलीत बर्फ टाकून रमचं पंच ढवळतात. पाहुणे वाटेल तसे पेले बुडवतात. मला ओकारी येते.

चरकाशेजारी एक कुऱ्हाड असायची. ऊस घालताना डोळा लागून बाईचा हात रुळांत गेला, तर चरक थांबवायचा नाही. हात तोडायचा. क्वाशेबाचा तसाच तोडला. उजवा, कोपरापासून. क्वाशेबा म्हणजे आमची सात पिढ्यांआधीची आजी.

मावशी प्रत्येक टोळक्याला हे सांगायची. मग पंचाचा पहिला पेला उजव्या हातात धरून चरकासमोर जमिनीवर थोडा ओतायची. "क्वाशेबा, हा तुझा." त्यानंतरच बाकीच्यांनी प्यायचं. हा तिथला रिवाज.

त्या आठवड्यात मॅनेजर वेस्टननं तिला बोलावलं. वेस्टन इथलाच. शाळेत तिच्याच बाकावर बसायचा.

"आयन्थी, तुला मुख्य गाईड करतोय."

"बदल्यात काय मागतोस ते बोल."

"शनिवारी विलायतेचं वऱ्हाड येतंय. तो तुटका हात सांगू नकोस, माणसं जेवायला येतात. आणि रम सांडणं बंद. नव्या फरशीवर मुंग्या होतात."

"आणि कुऱ्हाड?"

"घासून चकचकीत केलीय. नवरानवरी तिनं केक कापणार. त्यांचीच हौस."

मावशी उठून दारापर्यंत गेली. पण दर मे महिन्यात पाहुणे आटले की तिला घरी बसवायचे. मुख्य गाईडला बारा महिने काम. त्या एका गोष्टीसाठी तिनं एकोणीस वर्षं वाट पाहिली होती.

ती म्हणाली, "बरं."

शनिवारी पंच वाढणाऱ्या व्हर्नानं तिच्यासमोर पेला धरला. "घे गं. पहिला थेंब."

"आज नको."

"डोकं फिरलंय का तुझं? तिचा वाटा या लोकांच्या घशात घालतेस?"

"व्हर्ना, तू तुझे पेले भर."

सगळे प्यायले. मावशीनं हसत सांगितलं, "इथं साखर बनायची. गोड जागा आहे ही!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीला स्वतःच्याच तोंडाची घाण वाटली.

तेवढ्यात वारा पडला.

झाडातले पक्षी गप्प झाले.

मग वास आला... करपलेल्या रसाचा. त्याखाली दुसरा एक... शिळ्या रक्ताचा.

आणि मग...

किर्र... किर्र...

चरकाचे रूळ फिरल्याचा आवाज. ते रूळ वेल्डिंग करून कधीचेच बंद केलेत!

पाहुण्यांना काहीच ऐकू आलं नाही. फोटोवाल्यानं त्यांना बुरुजाच्या पांढऱ्या भिंतीपुढं उभं केलं. समोरून ऊन. नवऱ्यानं उजव्या हातात कुऱ्हाड घेतली. नवरीनं त्यावर आपला उजवा हात ठेवला.

मावशीची नजर भिंतीवर गेली.

सावल्या होत्या. टोप्या होत्या, खांदे होते, डावे हात होते.

उजवे हात... नव्हते.

एकाचाही नाही. कोपरापर्यंत सावली, पुढं नुसता चुना. कुऱ्हाडीची सावली मात्र होती. अधांतरी.

मागं व्हर्नाच्या हातातून पेला पडला.

कुऱ्हाड केकवर आली.

खच्च...

केक मऊ होता. आवाज हाडाचा होता.

नवरीनं बोटावरचा लालभडक पेरूचा जॅम चाटला. "अहाहा! काय गोड आहे!"

मावशीनं धावत जाऊन तिच्यापुढचा पेला उचलला आणि सगळाच्या सगळा फरशीवर ओतला.

"क्वाशेबा, हा तुझा! त्यांनी तुझा हात खाल्ला, मी तुझं नाव खाल्लं!"

"आयन्थी, गप बस! काम जाईल!" वेस्टन ओरडला.

"काम घाल तुझ्या काहिलीत!"

आणि तिनं सांगितलं. चरक, झोप, कुऱ्हाड, कोपर... सगळं. कुणाच्या तरी घशातून केक परत आला. नवरीनं कुऱ्हाड सोडली.

आवाज थांबला. भिंतीवर एकेक उजवा हात उगवला. नवऱ्याचा, नवरीचा, फोटोवाल्याचाही.

मावशीनं स्वतःची सावली पाहिली...

आणि हात पदराखाली लपवावा तसा झग्यात खुपसला.

सोमवारी तिला काढून टाकलं. कुऱ्हाड अजून तिथंच आहे. अजून केक कापते. लोक अजून बोटं चाटतात.

मावशी मला काही बोलली नव्हती. व्हर्नानं सांगितलं, तेव्हा मी हसलो होतो.

मग गेल्या रविवारी भर दुपारी मी तिच्या दारात उभा होतो. तिनं ड्युकाना केले होते, रताळ्याचे पानात उकडलेले गोड मुटके. विसरून तिनं उजव्या हातानं ताटली पुढं केली.

मी खाली पाहिलं.

अंगणात ताटलीची सावली होती... ती धरणारं कुणी नव्हतं.

"घे ना रे," मावशी म्हणाली. "गरम आहेत."

घ्यायला मी हात पुढं केला. डावा. उजव्याची सावली बघायचं धाडस अजून झालेलं नाही. त्या केकचा एक तुकडा व्हर्नानं मलाही आणून दिला होता.

हसता हसता मी तो खाल्ला होता.