ओव्याचा वास आणि टायफॉईडचा दाखला

सर, तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलंत. दार उघडं, पंखा चालू, चहाचा कप ओठांपाशी — आणि किती सहज! "आजारी होते म्हण, डॉक्टरचा दाखला आण, विषय संपव." मी विषय संपवला नाही. म्हणून हे लिहितेय. यात एक पोरगा येणार आहे, त्याला माझा इलाज नाही... तो तुमच्याच दारात भेटला.

तुमच्या, म्हणजे प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक बाक आहे. तुम्ही त्यावर कधी बसला नसाल. त्याचा एक पाय आखूड आहे, कुणी बसलं-उठलं की तो कलतो. एप्रिलची दुपार होती. गैरहजेरी माफ करा आणि जर्नल उशिरा घ्या, असा अर्ज हातात धरून मी बसल्या बसल्या डुलकी घेत होते. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी धपकन बसलं. बाक कलला, मी पडता पडता राहिले.

"ओ, जरा बघून की!"

"बाक तुमचा हाय व्हय?"

"बाक कॉलेजचा हाय. पडले असते की मी."

तो हसला. उन्हानं रापलेला चेहरा, दात मात्र पांढरेशुभ्र. मग मान थोडी कलती करून त्यानं श्वास ओढला.

"ओवा... आन् शेपा. तुमच्यात कोण बाळंतीण हाय का?"

मी वेणी पुढून मागं टाकली. सकाळी डोकं धुऊनसुद्धा धुरीचा वास जात नव्हता. लेडीज रूममध्ये पोरी दोन हात लांब सरकून बसायच्या. विचारलं मात्र एकीनंही नव्हतं.

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"भैनीच्या वेळी आईनं आमचं सगळं घर असंच धुपवलं हुतं. लई बरं वाटतंय त्या वासानं. झोप येती."

"मला त्याच वासानं झोप न्हाय," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, अनोळखी पोराला सगळं सांगून टाकलं.

सांगण्यासारखं होतं तरी काय! आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. अपेक्षाअक्का दिवस भरत आल्यावर मैंदर्गीला आली. आई मागंच गेलेली. मग माहेर म्हणजे कोण? आप्पा रानात. उरले मी. बाळ जन्मलं त्या दिवसापासून बारसं होऊन, अक्का धड उठून बसायला लागेपर्यंत मी कॉलेजला फिरकले नाही. शेजारची काशम्मा सगळं शिकवायची, "कालु चाचु, यव्वा," म्हणायची. म्हणजे कानडीत, पाय लांब कर, बाई. त्या लांब केलेल्या पायांवर मी लेकरू आंघोळीला घ्यायची. अक्काला तेल, शेक, धुरी. बाजेखाली निखारे. डिंकाचे लाडू. रात्री लेकरू रडलं की अक्काच्या आधी मी उठायची... आणि वनस्पतिशास्त्राचं जर्नल कपाटावर कोरं पडून.

तो ऐकत होता. मधे एकदाही "अरे बापरे" म्हणाला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "आन् अक्का आता बरी हाय न्हवं?"

सर, हा प्रश्न तुम्ही विचाराल असं मला वाटलं होतं.

"वैजयंती कोण? चला, सायेब खुशीत हाईत तवर चला," बसप्पामामांनी दारातून हाक मारली. तुमचे शिपाई चांगले आहेत, सर. त्यांनी मला आधी पाणी दिलं.

आत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. तुम्ही अर्ज वाचलात आणि हसलात. "बहिणीचं बाळंतपण? हे घरकाम झालं. घरकाम हे काही कारण नव्हे." मी म्हणाले, सर, मी खरंच घरी होते. तुम्ही म्हणालात, खरं-खोटं मी कसं ठरवणार, मला कागद लागतो. मग ते दाखल्याचं वाक्य. आणि मग नाक मुरडून, "हा कसला वास येतोय?" म्हणत तुम्ही स्वतः उठून खिडकी उघडलीत.

तो दाखला होता, सर. माझ्या केसांत होता. तुम्ही तो खिडकीतून बाहेर घालवलात.

खेळायला गेलेल्याला तुमच्याकडे सूट आहे. शिबिराला गेलेल्याला आहे. आजारी पडलेल्यालाही आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यानं काय करायचं?

बाहेर आले तेव्हा तो तिथंच होता. माझ्या मागून त्याचा नंबर होता, तो जाऊन लगेच परतला. हातात सही झालेला अर्ज. युवराज, रसायनशास्त्र, तिसरं वर्ष, बार्शीचा. हे मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.

"तुमचं लगेच कसं झालं?"

"टायफॉईड," तो खिसा थोपटत म्हणाला. "तुमाला काय म्हणले?"

"दाखला आणा म्हणले."

"हात्तिच्या! मग रडताय कशाला? चला सात रस्त्याला. हाय एक डॉक्टर."

"मी रडत न्हाय. डोळे चुरचुरायलेत. झोप न्हाय."

"तेच तेच. चला."

सात रस्त्याला एका दुकानाच्या वर तो दवाखाना. अरुंद जिना, भिंतीला पाठ घासत चढायचा. तो एक पायरी पुढं, मी एक मागं. मधेच थांबून तो हळूच म्हणाला, "टायफॉईड नका घेऊ, तो माजा हाय. कावीळ घ्या."

"कावीळ झाल्यासारखी दिसते व्हय मी?"

त्यानं वळून बघितलं. त्या जिन्यात उजेड कमी होता, तरी मला माझे कान तापलेले कळले.

"न्हाय," तो म्हणाला. "दमल्यासारख्या दिसताय... लई."

इतक्या दिवसांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. बाळ छान आहे म्हणाले, अक्का छान दिसते म्हणाले, लाडू छान झालेत म्हणाले. मी खाली वळले.

"ओ! काय झालं?"

"मी आजारी न्हवते. आजारी असते तर अक्काला कुणी उठवलं असतं? एक रात्र धड झोपले न्हाय मी. आन् आता कागदावर झोपू? मी अंथरुणात पडून हुते असं लिहून घेऊ? मग ते सगळं केलं कुणी?"

जिन्यात माझा आवाज घुमला. वरून कंपाउंडरनं डोकावून बघितलं, "दाखला पाहिजे का नको?"

"नको," युवराज म्हणाला. माझ्याआधी.

खाली रसवंती होती. चरकाचे घुंगरू वाजत होते, बर्फावर गोणपाट टाकलं होतं. आम्ही उसाचा रस घेतला. ग्लास उचलताना त्याचा उजवा खांदा नीट वर येईना. शर्टाची कॉलर सरकली तेव्हा मला दिसलं.

"युवराज... टायफॉईडनं खांद्याला घट्टे पडतात व्हय?"

त्यानं कॉलर सारखी केली. ग्लास खाली ठेवला.

"आमचे अण्णा बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल हाईत," तो म्हणाला. "तुरीच्या हंगामात त्यांची कंबर धरली. तितं टोळी असती. टोळीतला माणूस उभा राह्यला न्हाय की त्याची जागा दुसरा घेतो, परत मिळत न्हाय. मग मी उभा राह्यलो. कंबर सुटंपर्यंत पोती उचलली."

"मग तेच का न्हाय सांगितलं?"

"वर्गात सगळ्यांना म्हाईत होईल की."

"मग होऊ दे की."

"तुमाला सोपं हाय बोलायला."

"सोपं?" मी म्हणाले. "माझ्या डोक्याचा वास घे आन् मग सांग, सोपं हाय का ते."

बोलून गेले आणि जीभ चावली. तुमी-तुमी करता करता 'घे' कुठून आलं? तोही चमकला. मग हळूच म्हणाला, "घेतला की... मगाशीच."

त्यानंतरचे दिवस एसटी स्टँडवर गेले. तुम्ही माझा अर्ज "बघू" म्हणून बाजूला ठेवलेला. मंजूर होवो न होवो, जर्नल तर पुरं करायला पाहिजे. टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि वर्ष गेलं तर परत पाठवणार नाही, हे आप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं. आप्पा वाईट नाहीत. दमलेले आहेत. आमच्या घरात सगळेच दमलेले आहेत, सर.

लेक्चर संपली की आम्ही स्टँडवर बसायचो. मी मैंदर्गीच्या गाडीची वाट बघत, तो बार्शीच्या. मी खोडाचे आडवे छेद काढायची, तो नावं द्यायचा. एकदा मी दोन मिनिटं डोळे मिटले, तर यानं पेशी काढायला घेतलेल्या.

"हे काय? पेशी काढलास का तुरी?"

"तुरीच येत्यात मला," तो म्हणाला. "पुसू?"

"राहू दे."

त्या पानावर अजून तुरीच आहेत, सर. जर्नल उघडलंत तर दिसतील.

कधी मी बॅगेवर डोकं ठेवून झोपून जायची. जाग यायची ती त्याच्या आवाजानं, "वैजू, मैंदर्गी लागली." आणि एकदा गाडीत चढून खिडकीतून बघितलं तेव्हा कळलं — पलीकडच्या फलाटावरून त्याची बार्शीची गाडी कधीच गेली होती. तो मला उठवायला थांबला होता. हात हलवत नव्हता, काही नाही. नुसता उभा, दुखरा खांदा खाली पडलेला.

गेल्या आठवड्यात तो भेटला तो वेगळाच. मोकळा, आणि थोडा घाबरलेला.

"अर्ज मागं घेतला," तो म्हणाला. "टायफॉईड परत आणला. दुसरा लिवला. बाप हमाल हाय, त्याच्या जागी मी पोती उचलली, म्हणून गैरहजर. सही."

"वेडा हायस का तू? मंजूर झालेला हुता तुझा!"

"झालता की."

"मग? तुझं वर्ष जाईल, युवराज!"

"जाईल न्हायतर राहील." तो बाकावर बसला. स्टँडचा बाक, कलत नाही. "तू तितं खरं घिऊन उभी, आन् मी खोटं घिऊन पुढं जाऊ? कसं दिसंल ते? अण्णा कमरंला पट्टा बांधून परत यार्डात गेलेत. मी त्यांना टायफॉईड म्हणायचो, वैजू. टायफॉईड!"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडण्याइतकं अंगात काही शिल्लक नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले. समोर एक म्हातारी कलिंगडाच्या फोडी विकत होती, फोडींवर माश्या, माश्यांवर पदराचा वारा. कर्नाटकच्या गाडीतला कंडक्टर कानडीत कुणावर तरी खेकसत होता.

"मीबी एक अर्ज आणलाय," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुला. तोंडी हाय." त्यानं घसा खाकरला. "म्हंजे... आत्ता न्हाय. तुजं शिक्षण हू दे, माजं हू दे. तू कायतरी हो, मी कायतरी हुतो. पर त्याच्यानंतर... मला दुसऱ्या कुणाला गाडी आली म्हणून उठवायचं न्हाय. तुलाच."

छातीत कुणीतरी बाक कलता केल्यासारखं झालं.

"मुदतवाढ पाहिजे," मी म्हणाले.

तो हसला. पाय हलवत तुमच्यासारखा आवाज काढून म्हणाला, "कारण?"

"दमलेय रे..."

त्याचं हसू गेलं. पाय थांबला. "घे की मग. पायजे तेवढी घे."

"दाखला?"

"दाखला कशाला? तू म्हणलीस दमलीयस, म्हंजे दमलीयस."

सर, हे वाक्य पुन्हा वाचा. एका हमालाच्या पोराला जे कळलं, ते तुमच्या एवढ्या मोठ्या खुर्चीला अजून कळलेलं नाही.

गाडी लागली, मी चढले. खिडकीशी जागा मिळाली. वळसंग मागं पडलं, ऊन उतरलं, शेजारची बाई माझ्या खांद्यावर झोपली. मी तिला हलवलं नाही. झोपलेल्या माणसाला उगाच हलवू नये, एवढं मी या दोन महिन्यांत शिकलेय. अक्कलकोट यायच्या आत मी मोबाईल काढला आणि त्याला एकच शब्द पाठवला.

मंजूर.

लगेच उत्तर आलं: "दाखला लागंल!" आणि त्याखाली हसणारा चेहरा. मी खिडकीबाहेर बघत एकटीच हसत बसले. धुरीचा वास केसांत होताच, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदा गोड वाटला.

आता तुमच्या टेबलावर दोन अर्ज आहेत, सर. एक बाळंतपणाचा, एक पोत्यांचा. दोन्हीत खोटं काही नाही, आणि दोन्हींना कागद जोडलेला नाही. बसप्पामामा म्हणतात, तुम्ही रोज ते उचलता आणि परत खाली ठेवता. परीक्षा तोंडावर आलीय. मला तो शब्द लिहायला अक्कलकोटच्या अलीकडचा रस्ता पुरला, आणि तो सगळ्या जन्माचा होता. तुमचा तर एका सत्राचा आहे.

लिहा. मंजूर की नामंजूर?