मेलेल्या पाण्याच्या गावचं मीठ

जरा जवळ सरकून बसा. समुद्राचा वारा सुटलाय आणि मला ओरडून सांगता येणार नाही. ज्याची ही गोष्ट आहे तो शिवराम आजही इथंच, मस्कतला आहे. शुक्रवारी मासळीबाजारात भेटला तर तुम्हाला चहा पाजेल. पण यातलं एक अक्षर त्याला विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, पुन्हा हिंमत केली नाही.

तारीख पक्की आहे. चौदा नोव्हेंबर एकोणीसशे शहाण्णव, गुरुवार. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते आणि रस्त्यांवर ओमानच्या नॅशनल डेच्या दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. शिवराम मस्कतच्याच गाला भागातल्या एका पॅकिंग कंपनीत फोरमन. साहेब लोक ओमान सोडून निघाले की त्यांचं घरदार खोक्यांत भरून जहाजावर चढवायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी तो इथंच, अल हैलमधल्या एका व्हिलात होता. व्हिला एका म्हाताऱ्या फ्रेंच इंजिनिअरचा. साहेब बावीस वर्षं राहून कायमचा घरी निघाला होता, त्याच रात्रीच्या विमानानं.

दोघांचं चांगलं जमलं होतं, कारण दोघंही मिठातले. शिवराम शिरोड्याकडचा, त्याच्या बापाचा जन्म मिठागरावर गेलेला. साहेबाचं गावही मिठागरांचंच, फ्रान्सच्या दक्षिणेला. गावाचं नाव एग-मोर्त. त्याचा अर्थच मुळी मेलेलं पाणी. चारी बाजूंनी तट, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज. साहेब सांगायचा, कधीकाळी एक फ्रेंच राजा जहाजं घेऊन अरबांच्या मुलखावर चाल करून निघाला तो याच गावातून. पुढे समुद्र मागे हटला आणि मागं उरलं ते मीठ.

"और वो बुर्ज देखा?" साहेबानं खोक्यात जाणाऱ्या एका फोटोवर बोट ठेवलं. साहेब बावीस वर्षांत मोडकंतोडकं हिंदी शिकला होता. पुढचं सगळं त्यानं त्यातच सांगितलं. सहाशे वर्षांपूर्वीच्या लढाईत बरगंडी नावाच्या शत्रू मुलखाचे सैनिक या गावात एका रात्रीत कापले गेले. इतके, की पुरायला वेळ नव्हता. प्रेतं कुजून रोगराई पसरेल म्हणून ती बुरुजात टाकली. एक थर माणसं, एक थर मीठ. पुन्हा माणसं, पुन्हा मीठ. खरंखोटं देव जाणे, पण गावात असं सांगतात आणि बुरुजाला नावही त्यांचंच आहे.

शिवराम हसला. "साब, हमारे गाँव में बांगडा ऐसाही रखते हैं."

साहेब मात्र हसला नाही. ओट्यावरची काचेची बरणी त्यानं कापडात गुंडाळायला घेतली. आत जाडंभरडं, करड्या रंगाचं खडे मीठ होतं. "ये मत पॅक करना, शिवराम. ये मैं हाथ में ले जाऊँगा." एवढं बोलून तो वर कपडे भरायला गेला.

तेवढ्यात खाली फोन वाजला. शिवरामाची बायको कलावती बोलत होती, बौशरच्या घरून. त्यांची एकुलती एक पोर पूर्वा सात वर्षांची. दिवाळीच्या कार्यक्रमात नाचली होती, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि त्या रात्रीपासून अंगात ताप.

"डॉक्टराचा औषध चलना नाय," कलावती म्हणाली. "माका म्हायत आसा, तेका दृष्ट लागली. येताना खडे मीठ घेवन येवा. हयल्या बारीक मिठान दृष्ट खंय निघता?"

आता आपल्यातला कुणीही असता तर त्यानं काय केलं असतं? समोर बरणी. खडे मीठ. विचारायला साहेब जवळ नाही, आणि चिमूटभर मिठासाठी जिना कोण चढतो? शिवरामानं झाकण काढलं, रुमालात मूठभर मीठ बांधलं आणि बरणी होती तशी गुंडाळून ठेवली. चोरी केली असं त्याला वाटलंसुद्धा नाही. मीठच ते.

दिवस बुडताना मगरिबची बांग झाल्यावर तो घरी पोचला. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं. कलावतीनं मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत धरून पोरीवरून सात वेळा उतरवल्या, आल्यागेल्याची, घरादाराची सगळ्यांची नावं घेतली आणि सगळं गॅसवरच्या तापल्या तव्यात टाकलं.

मीठ तडतडायला हवं. तडतडलं नाही.

मिरच्यांचा ठसका उठायला हवा. तोही उठला नाही.

"बघितलात?" कलावतीचा चेहरा उजळला. "केवढी लागलेली!" ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर होती, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवराम मात्र तव्याकडे बघत राहिला. मिठाला पाणी सुटत होतं. लालबुंद तव्यावर पाणी... आणि त्याची वाफ होत नव्हती.

अकरा वाजता ताप उतरला. दोघांनी देवाला हात जोडले. सव्वाअकराला पोर गार पडली. नुसती गार नाही, कोरडी. हात लावला तर कातडी सुकटीसारखी लागत होती. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"पप्पा, वॉटर."

एक पेला दिला. दुसरा दिला. पाचवा दिला. पाणी आत जात होतं, पण ओठ ओले होत नव्हते.

"पप्पा..." पोरीचं मराठी तसंही अडखळतच असायचं. "माझ्यावर अंकल झोपलाय."

"खयचो अंकल गो?"

"हेवी आहे." ती श्वास घ्यायला थांबली. "खाली पण अंकल आहे. त्याच्या खाली पण..."

कलावतीला काही कळेना. शिवरामाला कळलं. थरावर थर.

विमानाची वेळ होईपर्यंत साहेब विमानतळाजवळच्या हॉटेलात थांबला होता. शिवरामानं फोन लावला.

"साब, वो बरणी का नमक... कहाँ का था?"

पलीकडून हळू आवाजात प्रश्न आला. "तूने लिया?"

"मुठ्ठीभर, साब. बच्ची के लिए."

"मेरा दादा मिस्त्री था, शिवराम. उस बुर्ज का काम किया उसने. वो नमक... फर्श के नीचे का है." साहेबाचा श्वास ऐकू येत होता. "वापस ला. अभी. मैं रुकता हूँ. पूरा वापस ला."

"वापस..."

"कितना बचा है?"

शिवरामानं ओट्याकडे पाहिलं. तवा धुऊन पालथा घातलेला होता.

"जला दिया, साब. कुछ नहीं बचा."

शिवराम हॅलो, हॅलो करत राहिला... आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

पोरीला चादरीत गुंडाळून शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळात नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, अंगातलं पाणी आटलंय, सलाईन लावू, इन्शाल्ला ठीक होईल. सलाईन म्हणजे तरी काय? मिठाचंच पाणी. बाटली टांगली. तासाभरानं संपायची ती दहा मिनिटांत रिकामी झाली. डॉक्टरनं नळी तपासली. दुसरी लावली. तीही गेली. तिसरी लावताना तो शिवरामाकडे बघत नव्हता.

शिवराम कॉटच्या पायथ्याशी उभा होता. बापानं पोरीसाठी काय करावं? धावावं, भांडावं, कुणाचे पाय धरावेत. इथं पाय धरायचे कुणाचे? शेवटी त्यानं हात जोडले आणि रिकाम्या भिंतीकडे बघत मालवणीत पुटपुटला, "चुकलंय. तुमचा तुम्ही घेवा. माझ्या चेडवाक सोडा."

खोलीत कुणी हललं नाही.

पोरीवरची चादर मात्र... हळूच वर उठली. वरचं ओझं कुणीतरी उचलावं तशी. मग आणखी एकदा. मग आणखी. शिवराम मोजत नव्हता. डोळे मिटायची ताकदही त्याच्यात नव्हती.

पाचच्या सुमाराला फजरची बांग झाली. पूर्वानं डोळे उघडले, आईला पाहिलं आणि रडायला लागली. मोठ्यानं, भोकाड पसरून. ओठ ओले, अंग ऊबदार. कलावतीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या भिजल्या गालांचे मुके घेत सुटली.

आणि मध्येच थांबली.

तिनं स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा पोरीच्या गालाला ओठ लावले. मग नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो उठून जवळ आला.

शिवरामानं लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बोटावर घेतलं. जिभेला लावलं.

अळणी. नळाच्या पाण्यासारखं, अळणी.

पूर्वा आता अठरा वर्षांची आहे. हुशार आहे, धडधाकट आहे, पुण्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली आणि कधी रडली, तर कलावती अजून तिचे डोळे पुसायला पुढे होते आणि पुसून झाल्यावर हळूच बोट जिभेला लावते. शिवराम त्या वेळी बाहेर निघून जातो.