उलट्या तारांचा बीच

"खटाक्!"

सरकतं दार आपोआप येऊन चौकटीवर आदळलं. त्याच क्षणी एसीची घरघर थांबली, पंखा रेंगाळत थांबला आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

"प्रितम, दार काऊन लावलं रे?" प्रगती ओरडली.

"मी? मी तर पलंगावर बसून हाव! माझा हात काय रबराचा हाये?" प्रितम म्हणाला.

प्रगतीनं दार ओढून पाहिलं. मग दोघांनी मिळून ओढलं. दार जागचं हललं नाही. त्याला ना कडी होती, ना मूठ. नुसती गुळगुळीत पांढरी फळी!

"लाईट गेली," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आबाजी म्हणाले. "काल तो कुलदीप मॅनेजर छाती फुगवून सांगत नव्हता? लाईट गेली की चोर येऊ नये म्हणून दारं आपोआप बंद होतात म्हणे. आता चोर बाहेर मोकळा, अन् आपण आत!"

दोघंही हसले. आबाजी म्हणजे त्यांचे आजोबा, खुशालराव गुरुजी. नेरडीगोंड्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं आणि प्रत्येक तासाला एकदा तरी हसवलं होतं. बाबांनी उटनूरच्या पलीकडच्या जंगलातलं हे 'बीच रिसॉर्ट' मोबाइलवर बुक केलं, तेव्हापासून आबाजींना रोज नवा विषय मिळत होता. "समुद्र कुठं, आदिलाबाद जिल्हा कुठं! तलावाच्या काठी चार ट्रॅक्टर रेती टाकली की झाला बीच? अन् हिंदीत बीच म्हणजे मधात. आपण कोणाच्या मधात चाललो, धम्मपाल?" बाबा हसून सोडून देत. बाबांना नव्या यंत्रांचं भारी वेड!

आत्ता मात्र आईबाबा गाडी घेऊन उटनूरला टरबूज आणायला गेले होते. गॅस संपला म्हणून कुलदीपही त्यांच्याच गाडीतून गेला होता. इथे मोबाइलला रेंज नव्हती. वायफाय होतं, ते लाईटबरोबर गेलं. खिडकीला एकच मोठी जाड काच होती, न उघडणारी. काचेपलीकडे तलावाचं पाणी चमकत होतं आणि मे महिन्याचं ऊन त्या रेतीवर नुसतं भाजत होतं.

"ते बोलणारं डबडं चालू हाये," प्रितमनं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवरच्या चौकोनी पेटीत लाल दिवा लुकलुकत होता. तिला आपली बॅटरी होती आणि तिची तार भिंतीतून थेट दाराच्या मोटरीला गेली होती. प्रितम घसा खाकरून म्हणाला, "दरवाज़ा खोलो!"

"दरवाज़ा खुल गया है," पेटी गोड आवाजात म्हणाली.

दार तसंच बंद!

"खोटारडी!" प्रितम चिडला. "दरवाज़ा खोलो! खोलो! खोलो!"

"दरवाज़ा खुल गया है," पेटीनं तिन्ही वेळा थांबून थांबून तेच सांगितलं. "बॅटरी कम है."

"थांब! बॅटरी संपवशील," प्रगतीनं त्याला गप्प केलं.

अर्धा तास गेला. खोली भट्टीसारखी तापली. प्यायच्या बाटलीत चार घोट उरले होते. न्हाणीतला नळ लाईटवरच्या पंपाचा, तोही कोरडा. प्रगतीनं ते चार घोट आबाजींपुढे धरले.

"तुमी प्या पोरंहो. मी जुना रांजण हाव, मले पाणी कमी लागते," ते म्हणाले. तिनं आग्रह केला तेव्हा एकच घोट घेतला. मग त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि डोळे मिटून घेतले.

आणखी काही वेळानं प्रगतीच्या लक्षात आलं, की आबाजी बऱ्याच वेळात काही गमतीचं बोललेले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. श्वासही लहान लहान येत होता. ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"आबाजी?"

"हं."

"आबाजी, बीच म्हणजे काय हो?"

आबाजींनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात हलवला. प्रितमचा चेहरा उतरला. त्यानं टॉवेल घेऊन आबाजींना वारा घालायला सुरुवात केली.

धप्... धप्... धप्!

"प्रगती, भिंत वाजून राह्यली!"

प्रगतीनं भिंतीला कान लावला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. "कोनी हाये का वं? मी सखूबाई! चार नंबरची खोली झाडाले आली, अन् दार लागलं!"

सखूबाई म्हणजे इथली साफसफाई करणारी मावशी. काल तिनंच मुलांना रेतीत किल्ला करायला जुनी बादली दिली होती.

"आमीबी अडकलो, मावशी! तुमच्याकडे पाणी हाये का?"

"कुठलं पानी! अन् तुमच्या या खोल्याईत भुताटकी हाये, बाई. मघाशी दार आपोआप उघडलं. मी धावली, तं पाच मोजेपर्यंत परत बंद! असं चारदा झालं."

प्रगती भिंतीपासून मागे सरली. चारदा! प्रितम किती वेळा ओरडला होता? एकदा, मग तीनदा. चारच! आणि काल संध्याकाळी? 'बत्ती जलाओ' म्हणून सगळे ओरडून दमले, पण दिवा लागला नाही. नंतर शेजारी कुलदीप कुणाला तरी खोली दाखवत होता, तेव्हा न सांगता दिवा लागला होता!

"प्रितम! पेटी खोटं नाही बोलत! तारा उलट्या जोडल्या हायेत! आपली पेटी त्यांचं दार उघडते."

"म्हणजे त्यांची पेटी..."

"आपलं!"

दोघं एकदम नाचले. आबाजींनी डोळे उघडले.

"मावशी!" प्रगती भिंतीला तोंड लावून ओरडली. "तुमची लोखंडी बादली घेऊन दारापाशी उभ्या राहा. दार उघडलं की मधात ठेवा!"

"राह्यली उभी!"

प्रगती पेटीपुढे जाऊन उभी राहिली. "दरवाज़ा खोलो!"

"दरवाज़ा... खुल गया... है," पेटी अडखळली. लाल दिवा एकदा मोठा झाला आणि विझला. पेटी बंद पडली! आता सगळं त्या एका खेपेवर होतं.

पलीकडून दार सरकल्याचा आवाज आला. मग 'ठण्ण!' आणि लगेच सखूबाईचा आवाज. "अडकली! बादली अडकली! दार उघडंच हाये!"

"आता तुमच्या भिंतीवरच्या पेटीला सांगा, दार उघड म्हणून!"

दार हललं नाही.

"मावशी?"

"मले त्या पेटीशी बोलाची बंदी हाये, पोरी," सखूबाई हळूच म्हणाली. "साहेबानं सांगतलं, तिच्याशी बोलली तं कामावरून काढतो. मी गावात पळत जाते. मानसं आनते."

गाव तीन किलोमीटरवर होतं. अशा उन्हात, इतका वेळ पाण्यावाचून कोंडलेली बाई! आणि तोवर आबाजी? प्रगतीचा आवाज रडवेला झाला. "मावशी, आबाजींना बरं नाही. बोलतही नाहीत."

मग सखूबाई खणखणीत आवाजात ओरडली, "ए पेटी! त्याईचं दार उघड!"

काही झालं नाही.

"तिले मराठी येत नाही," असं म्हणत आबाजी उठले! भिंतीला धरत धरत ते पुढे आले. आवाज बारीक होता, पण शाळेतलाच होता. "सखूबाई, माझ्या मागं म्हणा. दरवाज़ा."

"दरवाजा."

"खोलो."

"खोल!"

"खोल नाही. खोलो. मशीनले मान पाहिजे!"

प्रितमला हसू फुटलं आणि प्रगतीला रडू. आबाजी बोलले होते!

"दरवाजा खोलो जी!" सखूबाईनं जास्तीचा मान देऊन टाकला.

सर्रर्र! दार सरकलं. प्रितमनं खुर्ची मधे घातली, प्रगतीनं आबाजींचा हात धरला आणि तिघं बाहेर आले. सखूबाई आधीच मागच्या आंब्याखालच्या रांजणाकडे धावली होती. आबाजींना सावलीत बसवून तिनं त्यांचं डोकं ओलं केलं, गार पाणी थोडं थोडं पाजलं. त्यांचा श्वास संथ झाला, तेव्हा कुठे ती स्वतः प्यायली.

तासाभरानं लाईट आली आणि पाठोपाठ गाडीही. सगळं ऐकून आई आबाजींजवळ मटकन बसली. बाबांच्या हातातलं टरबूज तसंच राहिलं. कुलदीप मात्र हसत म्हणाला, "बच्चे लोग हैं! बटन दबा दिया होगा. वायरिंग एकदम परफेक्ट है."

"मग तुम्हीच दाखवा ना, काका," प्रगती अगदी साधेपणानं म्हणाली. "आमच्या तीन नंबरमधी जा, दार लावा अन् पेटीला सांगा."

कुलदीप रुबाबात आत गेला. प्रितमनं हळूच खुर्ची काढून घेतली. खटाक्!

"दरवाज़ा खोलो!" आतून आवाज आला. चार नंबरचं दार, जे बादलीवर अडलेलं होतं, ते थरथरत पूर्ण उघडलं. तीन नंबर बंद! "खोलो! अरे खोलो! धम्मपालजी! कोई है?"

"वायरिंग परफेक्ट हाये, साहेब!" प्रितम ओरडला.

बाबांनी सखूबाईकडे पाहिलं. "ताई, तुमच्याशिवाय हे दार उघडत नाही."

"पन मले बोलाची बंदी हाये," सखूबाई म्हणाली.

आतून लगेच आवाज आला, "बंदी नहीं है! कुछ बंदी नहीं है! बोलो बाई!"

"कामावरून काढाल?"

"नहीं निकालूँगा! सबके सामने बोल रहा हूँ!"

सखूबाईनं पदर खोचला, चार नंबरमध्ये गेली आणि सावकाश, एकेक अक्षर मोकळं करत तिनं दार उघडवलं. घामानं निथळलेला कुलदीप बाहेर आला. आबाजींसमोर त्यानं हात जोडले. संध्याकाळच्या आत प्रत्येक दाराला आतून साधी लोखंडी कडी बसवण्याचं त्याला बाबांपुढे कबूल करावंच लागलं.

"चूक माझीबी हाये, आबाजी," बाबा खाली मान घालून म्हणाले. "जातानी मी एकदाबी नाही पाह्यलं, की हे दार हातानं उघडते का."

"ते तुह्या पोरीनं पाह्यलं," आबाजी म्हणाले. त्यांनी प्रगतीला एका बाजूला आणि प्रितमला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं. "तीस वर्षांत लई पोरं शिकवली. घाबरल्यावरबी मोजत राहणारी थोडीच सापडली. अन् सखूबाई, तुमी तं पहिल्या नंबरानं पास!"

सखूबाई तोंडाला पदर लावून हसली. आईनं टरबूज कापलं आणि पहिली फोड तिच्याच हातात ठेवली.