ताजं दूध

पाखरू गच्चीवर उतरायच्या आत अण्णा तिथे हजर असत. पाखरू म्हणजे खरं पाखरू नव्हे. पाचगणीच्या पठारावर मंगळ नियंत्रण केंद्र झालं, तेव्हापासून तिथून खाली वाईत घरोघरी सामान पोचवणारं ते चार पंख्यांचं यंत्र होतं. ननावऱ्यांच्या घरी ते दिवसातून तीन-चारदा यायचं आणि पोटातून एक छोटी बाटली काढून द्यायचं. बाटलीत अण्णांच्या सुनेने, अन्विताने, केंद्रातल्या खोलीत बसून नुकतंच काढलेलं दूध असायचं. नात इरू साडेचार महिन्यांची असताना अन्विता कामावर परत रुजू झाली होती.

"हात लावून बघा, अजून कोमट आहे!" अण्णा शेजाऱ्यांना कौतुकाने बाटली दाखवत. "आमच्या पोरीला शिळं माहीतच नाही."

हेमंत ननावरे, म्हणजे अण्णा, यांनी सगळी नोकरी वाईच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. गाडी वेळेवर सुटली नाही तर त्यांना घास गोड लागत नसे. निवृत्त झाले, मग बायको गेली, आणि घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाशी हुज्जत घालण्यापलीकडे त्यांना काही कामच उरलं नाही. अशात ही नात हातात आली. माणूस पुन्हा ड्युटीवर चढला म्हणा ना.

सुरुवातीला पोरीने भलताच इंगा दाखवला. बाटलीला तोंडच लावेना. अण्णांनी वाटी-चमच्याने पाजून पाहिलं, निम्मं दूध गळ्याखाली आणि निम्मं लाळेऱ्यावर. शेवटी अन्विताची वापरलेली ओढणी खांद्यावर घेऊन त्यांनी तिला जवळ धरलं, तेव्हा कुठे आईच्या वासाला भुलून बाईसाहेब चुटूचुटू ओढायला लागल्या. तेवढ्यात मुलाने, शार्दूलने, दूध साठवायला एक शीतपेटी आणली.

"अण्णा, यात ते आरामात टिकतं. रोज रोज पाखराची वाट कशाला बघायची?"

"तू टिकवलेलं पिऊन मोठा झालास का?" अण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्या पेटीत लिंबं ठेवली.

आता अन्विताची नोकरी काय होती, ते सांगायला हवं. मंगळावर माणसांसाठी वस्ती बांधायचं काम यंत्रमानव करत होते, आणि त्यांना रोजची कामं वाटून देणारी, झालेली तपासणारी मंडळी पाचगणीत बसत होती. यंत्रमानव तिथल्या उजेडात काम करत, त्यामुळे इथल्या माणसांनाही तिथल्याच उजेडाने चालावं लागे. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा साधारण चाळीस मिनिटांनी मोठा. म्हणजे आज सकाळी सातला कामावर गेलेली अन्विता उद्या सात चाळीसला जायची, परवा आठ वीसला. असं सरकत सरकत पंधरवड्याने तिचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा आणि पाचेक आठवड्यांनी गाडी फिरून मूळ जागी यायची. केंद्रातले दिवे मंगळाच्या सूर्याप्रमाणे उजळत आणि मावळत. घरीही ती काळे पडदे लावून आपल्याच वेळेने झोपे. मनगटावर मंगळाचं घड्याळ असे. तिचं शरीर त्या दिवसाला अगदी सरावलं होतं.

आणि गंमत अशी, की ती कधीही घरी येवो, भर दुपारी येवो नाहीतर कोंबडं आरवताना येवो, इरू टक्क जागी असायची. दारातून आईचा आवाज आला की हातपाय झाडत खिदळायची.

"माझ्यासाठी जागते हो माझी चिमणी!" अन्विता तिला छातीशी धरून म्हणायची. सगळं घर सुखात होतं. झोपेच्या वेळा चुकतात, ते दातांमुळे असेल, असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. मुहूर्त दुपारी बाराचा. चांदीची वाटी घासूनपुसून ठेवली, अण्णांनी स्वतः खीर ढवळली, कोल्हापूरहून इरूचा मामा सोन्याची अंगठी घेऊन आला. अंगठीने खीर चाटवायची, तर उत्सवमूर्ती ढाराढूर! गालाला पाणी लावून झालं, तळपायाला गुदगुल्या करून झाल्या. मामाने ओठांना खीर लावली, तेव्हा इरूने झोपेतच तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मान टाकली. बायका हसून बेजार. एका काकूंनी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्यासुद्धा आणल्या. शेजारी पाटावर बसलेल्या अन्विताला जांभयांवर जांभया येत होत्या. तिची तर बिचारीची मध्यरात्रच होती.

पाहुण्यांत केंद्राच्या डॉक्टर शहनाज मुजावर होत्या. शरीर वेळ कशी ओळखतं, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या बराच वेळ मायलेकींकडे बघत होत्या. पंगत उठल्यावर त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं.

"अण्णा, ही रोज अशीच झोपते का दुपारची?"

"छे! मागच्या आठवड्यात सकाळी झोपायची. त्याआधी रात्री. रोज थोडी थोडी लेट होते. तीस वर्षं गाड्यांचं वेळापत्रक बघितलंय मी, पण ही गाडी कुठल्या वेळापत्रकाने धावते, देव जाणे."

"रोज किती लेट?"

"अर्धा-पाऊण तास." अण्णा बोलले आणि थबकले. त्यांनी सुनेच्या मनगटाकडे पाहिलं.

"दूध तिला ताजंच देता ना?"

"म्हणजे काय! एक थेंब शिळा नाही."

डॉक्टर त्यांच्या शेजारी ओटीवर टेकल्या. "अण्णा, आईच्या दुधात नुसतं पोषण नसतं, वेळही असते. रात्रीच्या दुधात झोप आणणारं द्रव्य असतं, सकाळच्या दुधात जाग आणणारं. तान्ह्या मुलाला स्वतःचं घड्याळ नसतं. दिवस कुठला, रात्र कुठली, हे आईचं दूध त्याला शिकवतं. आम्ही त्याला 'दूधघड्याळ' म्हणतो. आता अन्विताचं शरीर मंगळाच्या वेळेवर आहे. मंगळाची रात्र तीच तिची रात्र. ते दूध तुम्ही तसंच्या तसं, गरमागरम, या पोरीला पाजलंत."

"म्हणजे माझी इरू—"

"आत्ता मंगळावर मध्यरात्र आहे. ती वेळेवर झोपलीय."

अण्णांचा चेहरा पडला. इतके दिवस ज्याची फुशारकी मारली, तेच अंगाशी आलं होतं.

"उपाय काय?"

"सोपा आहे. दूध साठवा. अन्विताच्या सकाळचं आपल्या सकाळी पाजा, तिच्या रात्रीचं आपल्या रात्री. महिन्याभरात पोर सूर्याच्या वेळेवर येईल. पण लवकर करा. वर्षाची होईपर्यंत हे घड्याळ पक्कं बसतं, मग ते हलवता येत नाही." मग अन्विताकडे वळून डॉक्टर जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तू घरी असलीस तरी तुझ्या वेळेचं दूध तिला थेट नाही पाजायचं. काढून ठेवायचं. आणि ती झोपलेली असेल, तर उठवायचं नाही."

अन्विताने मान डोलावली. "तिचं भलं असेल ते करू," ती म्हणाली.

लिंबं बाहेर आली आणि बाटल्या आत गेल्या. अण्णांनी काम चोख केलं, पेटीतून बाटली काढून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवताना मन खट्टू व्हायचं तेवढंच. आणि खरंच, पोरगी हळूहळू वळणावर आली. सकाळी उजाडलं की उठायची. अण्णा तिला कडेवर घेऊन कृष्णेच्या घाटावर न्यायचे, बदकं दाखवायचे. संध्याकाळी शार्दूल शाळेतून शिकवून आला की बापलेकींचा दंगा चालायचा. काकूंनी आपल्या मीठ-मोहऱ्यांना श्रेय देऊन टाकलं. अण्णांनाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला!

फक्त अन्विता घरी यायची, तेव्हा इरू झोपलेली असायची. दोन-दोन आठवडे असंच. ती पाळण्याशी बसून राहायची, मग आतल्या खोलीत जाऊन दूध काढायची आणि बाटली आणून मुकाट्याने पेटीत ठेवायची. लेक भिंतीपलीकडे, आणि दूध पेटीत! पण सुनेच्या तोंडून एक अक्षर तक्रारीचं निघालं नाही. ते जास्त लागायचं अण्णांना.

मग एका रविवारी सकाळी दोघींच्या वेळा जुळल्या. अण्णा अंगणात इरूला घेऊन बसले होते. अन्विता फाटकातून आली, पर्स तिथेच टाकली आणि हात पसरून म्हणाली, "ये, माझी चिमणी!"

इरूने तिच्याकडे पाहिलं. ओठ काढला. आणि गर्रकन वळून अण्णांच्या मानेत तोंड खुपसलं.

पोर आईला बुजली होती.

"अगं, ऊन आहे ना डोळ्यांवर," अण्णा घाईघाईने म्हणाले. "ओळखलं नसेल."

"हो, ऊन आहे," अन्विता म्हणाली, आणि हसायला गेली, पण तिला रडूच फुटलं. अंगणातल्या फरशीवर बसून ती लहान मुलीसारखी रडली. तिची साडी पुढून ओली झाली होती. पोटच्या पोरीला बघून पान्हा फुटला होता, आणि पोरगी म्हाताऱ्याला घट्ट धरून बसली होती.

अण्णा उठले. त्यांनी इरूला आईच्या मांडीवर ठेवलं. ती रडली, तरी ठेवलं. "पाज तिला," ते म्हणाले. "डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगतो."

त्या संध्याकाळी घरात बोलणं झालं. इरूला आईच्याच वेळेवर राहू द्यायचं, असं अण्णांनी मांडलं. शार्दूलचा जीव कासावीस झाला. "अण्णा, तिची शाळा? तिचे मित्रमैत्रिणी? आणि मी? मी काय पाच आठवड्यांतून एकदा तिचा बाप व्हायचं?"

"तू पदरची थोडी झोप खर्च कर," अण्णा म्हणाले. "अरे, सूर्य काय, तिला उद्याही दिसेल. आई तिला आत्ता लागते."

अन्विता म्हणाली, "मी नोकरी सोडते."

"काही सोडायचं नाही. तुझ्या हुशारीवर तिकडे घरं उभी राहतायत. सोडायचं असेल तर मी सोडतो माझं घड्याळ. तसंही मला आता कुठली गाडी सोडायचीय!"

आणि त्यांनी खरोखरच सोडलं. केंद्रातून मंगळाचं घड्याळ मागवून मनगटाला बांधलं. इरूच्या रात्री घरात काळे पडदे लागायचे, मग बाहेर भरदुपार का असेना. तिची पहाट झाली की अण्णा दिवे लावून भूपाळी म्हणायचे, तेव्हा शेजारी वरणभात जेवत असत. वाई हसली, मग सवयीने गप्प बसली. शार्दूलने आधी कुरकुर केली, पण लेक जागी असेल तेव्हा उठायचं, हे तोही शिकला. इरू पुन्हा दारातल्या आवाजाला हातपाय झाडू लागली. पाखरू पुन्हा कोमट बाटल्या आणू लागलं. घर पुन्हा सुखात होतं, आणि इरूचा पहिला वाढदिवस झाला, तो पहाटे चार वाजता, दणक्यात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टर मुजावर तिला तपासायला आल्या. अण्णा मांडीवर घेऊन पाजत होते.

"बसलं घड्याळ," डॉक्टर म्हणाल्या. "पक्कं. आता तुम्ही कुठलंही दूध पाजा, हिचा दिवस चाळीस मिनिटांनी मोठाच राहणार. केंद्रातल्या लोकांच्या घरी अशी आणखी पन्नासेक मुलं निघाली. त्यांच्या वेळेची शाळा काढतायत."

"मग चांगलंच की! मैत्रिणी मिळतील."

"मिळतील." डॉक्टर समोर टेकल्या. "अण्णा, तुम्हाला सांगितलंच पाहिजे. दिव्यांनी-पडद्यांनी मोठ्यांचं शरीर वरवर सरावतं, पण इथून मंगळावर पाहणीला जी मोजकी माणसं गेली, त्यांना तिथला दिवस कधी मानवला नाही. झोप उडते, खाणं सुटतं, वर्ष-दोन वर्षांत आजारी होऊन परत येतात. इरूला तसं काही होणार नाही. उलट इथेच तिला जन्मभर वाटत राहील, की दिवस कुठेतरी कमी पडतोय, लोक फार घाई करतायत. ती मोठी होईल तोवर तिथली घरं बांधून झालेली असतील."

अण्णा नातीकडे बघत राहिले. आईपासून तुटू नये म्हणून धरून ठेवलेली पोर. मग ते हसले.

"चालायचंच," ते म्हणाले. "मुलीची जात. एक दिवस सासरी जायचीच."

"सासरी नाही हो, अण्णा," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "माहेरी."

अण्णांनी बाटली उजेडात धरून पाहिली. बाटलीच्या तळाशी घोटभर दूध उरलं होतं, अजून कोमट होतं. इरूने तोंड पुढे केलं, आणि त्यांनी ते तिला पाजलं.