पुसलेली किल्ली

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. २००७ची गोष्ट. शनिवारी घरी पळायच्या घाईत मी सर्व्हरवर आधीचीच कमांड पुन्हा चालवली आणि नवी प्रायव्हेट की जुनीवर लिहिली गेली. सर्टिफिकेट म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र आणि ही की म्हणजे त्याची एकुलती एक किल्ली. दिंडोरीच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं सर्टिफिकेट रविवारी मेलने आलं, ते नेमकं पुसल्या गेलेल्या किल्लीचं. म्हटलं, धम्मपाल, भोगा आता! इंदिरानगरातल्या ऑफिसच्या तळघरात अकरापासून बसलो. चार वाजता घरी लेकीचं नामकरण होतं. ललिताने बजावलं होतं, "अहो, तुम्ही आल्याशिवाय मी नाव ठेवू देणार नाही."

उपाय सोपा असतो. नवी की बनवायची, नवा अर्ज करायचा, अर्ध्या तासात नवं सर्टिफिकेट येतं. आलं. नवी की आणि नवं सर्टिफिकेट, दोन्हींचे आकडे ताडून पाहिले, जुळेनात. पुन्हा केलं, या वेळी एकेक अक्षर वाचून. पुन्हा तेच. तिन्ही सर्टिफिकेटांवर आकडा एकच होता, पुसलेल्या किल्लीचा. हे होऊच शकत नाही हो! एसी घुमत होता, हात गारठले होते आणि मला भयंकर राग आला होता.

पावणेतीनला साइट आपोआप सुरू झाली. ब्राउझरमध्ये छोटं पिवळं कुलूप, तक्रार काही नाही. माझ्या मशीनवर मात्र सर्व्हर अजून बंदच होता. म्हणजे ती किल्ली कुठेतरी होती आणि कुणीतरी ती वापरत होतं.

मरू दे, चालली ना, म्हणत मी उठलो. दाराच्या यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा ठेवला. लाल. मोबाइलला तळघरात रेंज नव्हती. भिंतीवरच्या फोनवरून वर रिसेप्शनला लावला.

"तेजल, दार उघड गं. माझा अंगठा घेत नाहीये."

"कोण बोलतंय?"

"अगं, धम्मपाल!"

"सर तर पावणेतीनलाच गेले. माझ्यासमोर अंगठा दिला त्यांनी. तुम्ही कोण?"

तिने फोन ठेवला. नंतर कुणी उचललाच नाही. लोखंडी दारावर मुठी आपटल्या, ओरडलो. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

चार वाजता त्याच फोनवरून घरी लावला. मागे त्रिशरण चाललं होतं. लेक रडत होती.

"ललिता, मी इथे अडकलोय."

"कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मी! धम्मपाल!"

लेकीचं रडणं एकदम थांबलं.

"अहो," ललिता फोनपासून लांब होऊन म्हणाली, "कुणीतरी तुमचं नाव सांगतंय."

"राँग नंबर असेल," माझाच आवाज म्हणाला. मग त्याच आवाजाने, हळूच, लेकीचं नाव उच्चारलं.

ते नाव मी मनात ठरवलं होतं. ललितालासुद्धा सांगितलं नव्हतं.